वाचकांचे प्रश्न : वाफेच्या दाबाच्या चुकलेल्या नोंदी सुधारता येतील का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेल रंगवण्याचा व वाळवण्याचा कारखाना आहे. स्टीम हेडरवरचा (वाफ वाटून देणाऱ्या मुख्य नळीवरचा) प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून विजेच्या संकेताने रेकॉर्डरला कळवणारे यंत्र, उन्हाळ्यात बदलला. नवा ट्रान्समीटर ० ते १६ बारचा आहे, परंतु रेकॉर्डरमध्ये जुन्याचीच ० ते १० बार ही रेंज राहून गेली. ट्रान्समीटर हेडरच्या दोन मीटर खाली, माणसाच्या उंचीवर बसवलेला आहे. रेकॉर्डर ४.१ बार दाखवतो तेव्हा हेडरवरचा डायल गेज ६.५ किलो दाखवतो. वाफेच्या खर्चाचा हिशेब करण्यासाठी मधल्या काळातील नोंदी आवश्यक आहेत. ६.५ ला ४.१ ने भागून येणाऱ्या पटीने सर्व नोंदी गुणल्या तर चालेल का?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : नोंदी निश्चितपणे सुधारता येतील, मात्र आपण सुचवलेल्या पटीने नव्हे. त्या भागाकाराचे उत्तर १.५९ येते आणि खरी पट १.६ आहे, त्यामुळे आपली रीत बरोबर असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळ्या चुका एकमेकींना झाकत आहेत : किलो आणि बार यांची गल्लत, आणि ट्रान्समीटरच्या नळीतल्या पाण्याचा दाब.

सुरुवात पडद्यावरच्या आकड्यापासून न करता ट्रान्समीटरने पाठवलेल्या विद्युतप्रवाहापासून करावी. असा ट्रान्समीटर शून्य दाबाला ४ मिलिअँपिअर आणि पूर्ण रेंजला २० मिलिअँपिअर प्रवाह देतो, आणि मधला सर्व प्रवास सरळ रेषेत होतो. रेकॉर्डरने १० बारची रेंज धरून ४.१ दाखवले, याचा अर्थ त्याच्याकडे १०.५६ मिलिअँपिअर प्रवाह आला होता. तोच प्रवाह १६ बारच्या रेंजवर वाचला की ६.५६ बार मिळतात. म्हणजे ट्रान्समीटरने सांगितले ते बरोबरच होते, ऐकणाऱ्याने चुकीचे लिहून घेतले. आणि चूक एवढीच असेल तर जुन्या नोंदीतला एकही आकडा वाया गेलेला नाही.

आता डायलकडे वळू. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘किलो’ म्हणतात तो किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असतो आणि तो ०.९८ बारइतका भरतो. त्यामुळे ६.५ किलो म्हणजे ६.३७ बार. ट्रान्समीटर ६.५६ सांगतो आणि डायल ६.३७, हा ०.१९ बारचा फरक कुठून आला, याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. वाफेच्या लाइनवर ट्रान्समीटर थेट लावत नाहीत, मधल्या सायफन नळीत थंड झालेले पाणी साचू देतात, म्हणजे गरम वाफ यंत्रापर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे त्या पाण्याचा स्तंभ दोन मीटरचा आहे आणि दोन मीटर पाण्याचा दाब ०.१९६ बार होतो. ट्रान्समीटर वाफेच्या दाबात हा पाण्याचा दाबही मिळवून सांगतो. म्हणून हेडरवरचा खरा दाब काढण्यासाठी रेकॉर्डरचा आकडा १.६ ने गुणावा आणि त्यातून ०.२० वजा करावेत.

केवळ एका जागची तुलना करून पट काढणे का धोक्याचे आहे, ते यावरून दिसते. रेकॉर्डरवर १.० असताना आपल्या रीतीने १.५९ किलो, म्हणजे १.५५ बार येतील, परंतु खरा दाब १.४० बार असेल. ४ बारच्या आसपास दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी दिसतात आणि दाब जसा खाली उतरतो तसा फरक उघडा पडतो. शून्य सरकल्याची चूक आणि पट बदलल्याची चूक वेगवेगळ्या ओळखायच्या तर किमान दोन बिंदू हवेत. एक बिंदू आपल्याला फुकट मिळू शकतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बॉयलर थंड असताना आणि हेडर हवेला उघडा असताना, सायफनमधले पाणी न काढता, रेकॉर्डर पाहावा. तो ०.१२ दाखवत असेल तर पाण्याच्या स्तंभाचा हिशेब जुळला. तो वेगळाच आकडा दाखवत असेल तर सेन्सरचे शून्यही सरकलेले आहे आणि डेडवेट टेस्टरवर (ठरावीक वजनांनी अचूक दाब देणाऱ्या यंत्रावर) तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावी, आणि त्याच फेरीत डायल गेजही द्यावा, कारण आतापर्यंत आपण त्याला विनाचौकशी साक्षीदार मानले आहे.

तोवर आणखी एक साक्षीदार हाताशी आहे, तो म्हणजे तापमान. संपृक्त वाफेचा (उकळत्या पाण्याच्याच तापमानाला असलेल्या वाफेचा) दाब ठरला की तिचे तापमान ठरते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंच असल्याने येथील हवेचा दाब साधारण ०.९६ बार असतो. स्टीम टेबलमध्ये (वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यात) निरपेक्ष, म्हणजे हवेचा दाब धरून मोजलेला दाब लागतो, म्हणून गेजच्या दाबात समुद्रसपाटीच्या १.०१३ ऐवजी ०.९६ मिळवावेत. हेडरवर खरोखर ६.३७ बार असतील तर वाफ सुमारे १६७ अंश सेल्सिअसची असेल, ४.१ बार असतील तर सुमारे १५२ अंशांची. पंधरा अंशांचा हा फरक हेडरच्या थर्मोवेलमधला (तापमापक बसवण्याच्या बंद नळीतला) साधा तापमापकही दाखवील. वाफ अतितप्त (संपृक्त तापमानापेक्षाही जास्त तापवलेली) असेल किंवा तिच्यात हवा मिसळलेली असेल तर मात्र ही कसोटी लागू पडत नाही.

आपल्याला खर्चाचा हिशेब करायचा आहे, म्हणून पुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपला वाफमापक ओरिफिस पद्धतीचा (नळीतल्या छिद्राच्या तबकडीमुळे होणाऱ्या दाबफरकावरून प्रवाह मोजणारा) असेल आणि घनतेसाठी याच दाबाचा आकडा वापरत असेल, तर वाफेच्या वजनाच्या नोंदीही चुकल्या आहेत, पण १.६ पटीने नव्हे. तेथे वजन घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ४.१ बारला वाफेची घनता प्रति घनमीटर सुमारे २.७ किलो असते आणि ६.३७ बारला सुमारे ३.८३ किलो; या गुणोत्तराचे वर्गमूळ १.१९ येते. म्हणजे त्या क्षणी खरी वाफ नोंदीपेक्षा सुमारे १९ टक्के जास्त जात होती. हे प्रमाण प्रत्येक दाबाला वेगळे असल्यामुळे दाबाची महिन्याची सरासरी एकदम सुधारलेली चालेल, वाफेच्या वजनाची दुरुस्ती मात्र नोंदीगणिक करावी लागेल.

मूळ नोंदी पुसू नयेत. शेजारी नवा स्तंभ करून सुधारलेला आकडा लिहावा आणि सूत्र, कारण व ट्रान्समीटर बदलल्याची तारीख तेथेच नमूद करावी. हा रेकॉर्डर अलार्म किंवा बर्नरचे नियंत्रणही पाहत असेल तर त्याची रेंज आजच दुरुस्त करावी. ८ बारला लावलेला अलार्म सध्या १२.६ बारला वाजेल. सेफ्टी व्हॉल्व्ह या आकड्यांवर चालत नाही ही दिलाशाची बाब असली, तरी तो शेवटचा आधार आहे आणि रोजच्या नियंत्रणाचा भार त्याच्यावर टाकणे योग्य नव्हे.

प्रश्न : मी घरी हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० सेन्सर जोडला आहे. तो ९६१ हेक्टोपास्कल दाखवतो आणि हवामानाच्या ॲपवर सोलापूरचा दाब १०१२ दिसतो. सेन्सरमध्ये ५१ मिळवावेत का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मिळवू नयेत, कारण आपला सेन्सर बरोबर आहे. तो आपल्या घरातला प्रत्यक्ष दाब सांगतो, तर ॲपवरचा आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता येते. हवा ३० अंशांची असताना ४६० मीटर उंचीवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९५ टक्के राहतो आणि १०१२ चे ९५ टक्के म्हणजे ९६१. ५१ ही स्थिर संख्याही नव्हे. थंडीत हवा जड झाली की हा फरक थोडा वाढतो. तुलना करायची असेल तर सेन्सरच्या आकड्याला हात न लावता प्रोग्राममध्ये आपल्या घराची उंची व त्या वेळचे तापमान घालून समुद्रसपाटीचा दाब वेगळा काढावा.