“सारखं तेच समोर येतंय, म्हणजे खरंच असणार ना?”

“मॅडम, माझा नवरा नार्सिसिस्ट आहे. फोनलाही कळलंय ते, रोज तेच दाखवतो.” समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं पहिल्या भेटीतलं हे पहिलं वाक्य. नार्सिसिस्ट म्हणजे स्वतःतच गुंतलेला, दुसऱ्याच्या भावनांची पर्वा नसलेला माणूस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी मी मारहाण, धाक, पैशांची अडवणूक याबद्दल नीट विचारलं. तसं काही नव्हतं. हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही, कारण त्रास खरा असताना ‘फोनमुळे वाटतंय’ म्हणणं हा अन्यायच आहे.

चार महिन्यांपूर्वी भांडण झालं, नवऱ्याने दोन दिवस अबोला धरला. झोप येईना म्हणून तिने अबोल्याबद्दल शोधलं, एक रील शेवटपर्यंत पाहिली. दुसऱ्या दिवशी तशाच आणखी कितीतरी.

‘फोनला कळलंय’ या शब्दांवर आम्ही बराच वेळ थांबलो. फोनला तिचा नवरा कळत नाही. या विषयापाशी तिचं बोट थांबतं, एवढंच त्याला कळतं. यूट्यूबने २०१२ मध्येच शिफारशी ठरवताना क्लिकपेक्षा पाहण्यात गेलेल्या वेळेला महत्त्व द्यायला सुरुवात केली. आणि दुखऱ्या जागी माणूस थांबतोच! त्यात पुन्हा पुन्हा कानावर पडलेलं खरं वाटू लागतं. हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रयोगातून हे दाखवलं, तेव्हा रील्स नव्हत्या. तिची बुद्धी कमी पडली असं मुळीच नाही, कुणाचंही असंच झालं असतं.

शोध-इतिहास पुसणं, ‘यात रस नाही’ दाबणं हे तिने लगेच केलं. अवघड होती ती वही. घरात जे घडलं ते लिहायचं, पण फोनवर शिकलेला एकही शब्द वापरायचा नाही.

आठवडाभर पान कोरं. “ते शब्द काढले तर मला काय होतंय तेच सांगता येत नाही,” म्हणत ती रडली. मलाही गलबलून आलं. दुःख तिचं होतं, पण त्याची भाषा दुसऱ्याच कुणी पुरवली होती.

तिसऱ्या भेटीत दोन ओळी होत्या. ‘मी बोलताना तो मान वर करत नाही. आई आजारी होती तेव्हा, तू कशी आहेस, असं त्याने एकदाही विचारलं नाही.’

“दुसरी ओळ कुठल्या रीलमध्ये होती?” मी विचारलं.

ती आठवत राहिली. “कुठल्याच नाही.” मग वही मिटत म्हणाली, “पुढच्या वेळी त्यालाही आणू का?”