गावातल्या पोरांना वह्या वाटण्यापेक्षा भक्कम असं काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही बीडकडच्या केज तालुक्यातले, सध्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर. दरवर्षी गावच्या शाळेत वह्या वाटता, दहावीच्या मुलांचा सत्कार करता. पण पारावर पोरं भेटली की म्हणतात, "दादा, आमचं काही बघा की," आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही. करिअर मार्गदर्शन शिबिर घ्यावं की सरळ पैसे द्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

शिबिर नको. हारतुरे होतात, पाहुणे तासभर बोलतात, पोरं टाळ्या वाजवून घरी जातात. मी धारूरकडचा, वाळूजलाच छोटं मशिन शॉप चालवतो. आमच्याकडे पोरं येतात, काही टिकतात, काही महिन्याभरात गावी परततात. परतलेल्यांची चौकशी केली तर काम जमलं नाही म्हणून गेलेला क्वचित सापडतो. बहुतेकांचे पैसे संपलेले असतात.

साधा हिशेब आहे. पोरगं पाच तारखेला जॉइन झालं तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला. तोवर वाळूजजवळच्या रांजणगाव नाहीतर वडगाव कोल्हाटीला खोलीचं डिपॉझिट, भाडं, खानावळीचा डबा, सेफ्टी शूज, मोबाईलचा रिचार्ज. हे सगळं खिशातून. आणि ह्याच पोराच्या घरी ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायला बसलेला असतो. ऊसतोडीत पैसे आधी, काम नंतर. कंपनीत काम आधी, पैसे नंतर. ज्या घरात दवाखान्याचं नाहीतर बहिणीच्या लग्नाचं देणं आहे, तिथं कुठला व्यवहार सोयीचा वाटणार? उचल फिटता फिटत नाही हे त्या घरातल्या सगळ्यांना पाठ असतं, तरी सुद्धा. "आपल्या पोरांना शहरात राहायचीच सवय नाही" असं एसीत बसून म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

म्हणून पैसे द्यायचेच असतील तर इथं द्या. वह्यांचा आणि सत्काराचा खर्च बाजूला काढा आणि एका नाहीतर दोघा पोरांचे पहिले दोन महिने अंगावर घ्या. खोलीचं डिपॉझिट मालकाला स्वतः द्या, खानावळवाल्याला सांगून ठेवा. उसने म्हणून द्या, बिनव्याजी, पगारातून थोडे थोडे परत घ्या. फुकट दिलेल्या पैशाचं पोरालाच ओझं होतं आणि गावात चर्चा होते ती वेगळीच. परत आलेले पैसे पुढच्या पोराला. एक पथ्य मात्र पाळा : कुणाची ओरिजिनल मार्कशीट तारण म्हणून ठेवून घेऊ नका. "नोकरी लावतो" म्हणून पैसे उकळणारे तेच करतात, आणि पोरांना त्याचा धसका असतो.

आपल्याकडच्या थोरांना हे कळत होतं. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, पुढं तेच मिलिंद महाविद्यालय झालं. खेड्यातनं आलेल्या पोरांना तिथल्या वसतिगृहानं जे दिलं, ते वर्गातल्या व्याख्यानांइतकंच मोलाचं होतं. राहायची आणि जेवायची सोय झाली की मग पोरगं शिकतं.

आता पैशाहून महाग गोष्ट : तुमचा शब्द. गेटवर रोज रिझ्युमेंचा गठ्ठा येतो. सगळे एकाच नेट कॅफेत टाइप केलेले, सगळ्यांचा छंद क्रिकेट आणि वाचन. त्यातून एचआर कुणाला बोलावणार? ज्याच्याबद्दल आतला कुणी सांगेल त्याला. पुण्यातल्या इंजिनिअरच्या मुलाला ही ओळख घरातच मिळते. तुमच्या गावच्या पोराला ती फक्त तुमच्याकडून मिळू शकते. पण शब्द उधळू नका. पाच जणांची शिफारस केलीत आणि त्यातले तिघे आठवड्यात पळाले, तर सहाव्याच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही. आधी पारखा. मी पोराला एक साधं काम देतो : अमुक दिवशी सकाळी आठला कागदपत्रं घेऊन ये. जो येतो, किंवा एसटी चुकली म्हणून आधी फोन करून कळवतो, त्याच्यासाठी मी कुणाकडेही जाईन.

कंपनीत नेमकं काय मागायचं तेही ऐका. "कुठंतरी चिकटवा" म्हणालात तर पोरगं कंत्राटदाराकडे हेल्पर होतं आणि पाच वर्षांनी हेल्परच राहतं. अप्रेंटिसशिप मागा, म्हणजे ठरावीक मुदतीचा करार करून, स्टायपेंड घेऊन काम शिकणं. कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक, म्हणजे माझ्यासारख्या छोट्यालाही घेता येतात. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. त्याच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राच्या योजनेतून मिळतात आणि २०२३ पासून ते थेट पोराच्या खात्यात जमा होऊ लागले. करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला गेलाय का, हे मात्र तुम्ही स्वतः बघा. नुसतं "ट्रेनी" म्हणून गळ्यात आयकार्ड अडकवलं म्हणजे अप्रेंटिसशिप होत नाही.

राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, २०२४ ची : बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० महिना. चांगली आहे, पण जागा बघून घ्या. सरकारी कचेरीत टेबलामागं बसून मुदत संपली की पोराच्या हातात एक प्रमाणपत्र उरतं, आणि "आता कायम करा" ही आशा. मशिनवर तेवढेच महिने काढले तर हातात काम येतं.

तुम्ही स्वतः शिकवायचं ते मोठं काही नाही. आयटीआय केलेलं पोरगं पहिल्यांदा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात घेतं तेव्हा बघा. थिंबल, म्हणजे त्याची फिरती नळी, धरून बोल्ट आवळल्यासारखं पिळतं. शेवटाला रॅचेट असतं, ते फिरवायचं, कट-कट वाजलं की थांबायचं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं; पंचवीस जणांच्या बॅचला एक मायक्रोमीटर आणि तोही कपाटात. मग रीडिंग दोन-तीन सौनं (सौ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग) कमी येतं, चांगला जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, रिजेक्टमध्ये जातो, इन्स्पेक्टर ओरडतो आणि पोराला वाटतं आपल्याला येतच नाही. दहा मिनिटं शेजारी उभं राहून तोच पीस चारदा मोजायला लावा. चारही वेळा एकच आकडा आला की त्याची मान ताठ होते. सुपरवायझर म्हणून हे तुमच्याइतकं सोपं कुणाला नाही.

मुलींचं थोडं वेगळं. असेंब्लीत आणि इन्स्पेक्शनला मुली हव्या असतात, पण घरचे आधी पगार विचारत नाहीत. कुठं राहणार, कुणासोबत, बस कुठं सोडते, हे विचारतात. तेव्हा मुलीच्या आईला एक दिवस घेऊन या, खोली दाखवा, घरमालकिणीशी बोलू द्या. शक्यतो तुमच्या मंडळींनी सोबत असावं. आणि एकटी नको, दोघी मैत्रिणी एकदम आणा.

एमपीएससीवाल्या पोरांना "सोड ते" म्हणू नका, ऐकणार नाहीत आणि तुमच्याशी बोलणंही बंद करतील. वय विचारा, किती प्रिलिम निघाल्या विचारा, आणि थांबायची तारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

शेवटचं, वेळेचं. तुम्ही दिवाळीला गावी जाता असं लिहिलंय. दिवाळीपर्यंत उचली वाटून झालेल्या असतात, टोळ्या निघायच्या बेतात असतात आणि तुम्हाला हवं ते पोरगं उचल घेऊन कोयत्यात, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीत, बांधलं गेलेलं असतं. पोळ्याला जा. आधार, बँक खातं, मार्कशीटवरचं नाव आणि जन्मतारीख एकच आहे का तेवढं तेव्हाच तपासा. नावातल्या एका अक्षरापायी करार अडतो आणि दुरुस्तीसाठी सेतू केंद्रात हेलपाटे घालावे लागतात.