पार्कूरचा सराव अनवाणी करायचा असेल तर सुरुवात कशी करावी? तळवे किती दिवसांत तयार होतात?

तुम्ही लिहिलंय की शाळेत खो-खो खेळलात, सहा महिने बूट घालून पार्कूर (भिंती, रेलिंग असे अडथळे धावत, चढत, उड्या मारत ओलांडण्याचा प्रकार) करताय आणि आता बूट काढायचा विचार आहे. जरूर काढा, पण हिशेब तळव्यांवरून करू नका. कातडी साधारण तीन-चार आठवड्यांत निबर होते. पावलाची लांब हाडं आणि टाचेमागची जाड शीर यांना मात्र कित्येक महिने लागतात. तळवा टोचेनासा झाला की माणूस उड्या वाढवतो, आणि हाड त्या वेळी अजून अर्धकच्चंच असतं.

खो-खोचा फायदा होईल, पण धावण्यात आणि वळण्यात. तिथे मैदान मातीचं किंवा मॅटचं असतं आणि उंचीवरून खाली उतरणं नसतंच. मल्लखांब अनवाणी चालतो, पण उतरायला खाली गादी असते. काँक्रीटवर उतरण्यासाठी तुमचा पाय नवखाच धरा.

आधी एक चाचणी. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा आणि टाच पूर्ण वर उचला. न थांबता 20 वेळा जमत नसेल तर अनवाणी उड्या इतक्यात नकोत. दिवसाआड 3 वेळा 12-15 असा सराव करा आणि तोवर फक्त चाला, तोल साधा, चार पायांवर रांगा.

उड्यांना सुरुवात सपाट जमिनीवर, आठवड्यातून दोनदा, 10 मिनिटं. सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना; शेवटी नाही, कारण दमलेला पाय टाच आपटतो. पार्कूरमध्ये उडीचं अंतर पावलांत, म्हणजे स्वतःच्या पावलाच्या लांबीत मोजतात. बूट घालून जागेवरून 9 पावलं जात असाल तर अनवाणी 5 ठेवा, एका वेळी 20 उड्यांच्या वर जाऊ नका. उंचीवरून उतरायचं ते पहिले दोन महिने गुडघ्याइतक्याच उंचीवरून. पुढेही काँक्रीटवर कमरेच्या वर मी तरी जाऊ देणार नाही. त्यात कमावण्यासारखं काही नाही.

उतरताना चवडा आधी टेकतो, बोटं सैल पसरलेली, मग गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकतात. टाच शेवटी हलकेच खाली येते किंवा जमिनीला निसटती लागते. ती मुद्दाम अधांतरी ताठ धरून ठेवली तर पोटरी आणि टाचेमागची शीर दोन्ही धरतात. आवाज ऐका. ‘फट्’ असा सपाट आवाज आला की उडी कमी करा. बुटाच्या जाड तळात हा आवाज आणि ही चूक दोन्ही दबून जातात, आणि बूट काढण्याचा खरा उपयोग हाच. पातळ तळाचे बूट घातले तर काचांपासून वाचाल, पण हाडांवरचा भार जवळपास तेवढाच राहतो, तेव्हा त्यांनाही हाच हिशेब लावा.

गोल रेलिंगवर तोल साधणं अनवाणी फार छान जमतं. उडी मारून उतरणं वेगळं. पाइप चवड्याखाली, बोटांच्या मुळांच्या जरा मागे यायला हवा. तो तळव्याच्या कमानीत बसला तर तिथला पडदा ताणला जातो, आणि सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच दुखत राहते. म्हणून आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर, मग फूटपाथच्या कडेवर, मग पाइपवर.

भिंतीवर धावत चढणं आणि उडी मारून भिंतीची कड पकडणं यासाठी बूट ठेवा. वेगात अंगठा भिंतीला सरळ आपटला तर नख उखडतं. कोकणातल्या जांभ्याच्या किंवा खरबरीत गिलाव्याच्या भिंती कातडी सोलतात. अनवाणी करायचंच तर हळू, बोटं वर ओढून, भिंतीला चवडा लावून.

जागा निवडताना हिरवळीला भुलू नका. गवतात काच आणि बाभळीचा काटा दिसत नाही. झाडून घेतलेली फरशी बरी. एप्रिल-मेच्या दुपारी डांबर आणि लोखंडी पाइप भाजतात, म्हणून हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, ठेववली नाही तर सकाळी या. पावसाळ्यात शेवाळ आहेच, शिवाय पायाला चीर असताना साचलेल्या पाण्यात उतरलं तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत घेतलेली हवी. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर हा सराव नकोच.

घट्टे वाढले की आंघोळीनंतर वजरीने घासून सपाट करा, ब्लेड लावू नका. उंच घट्टा वळताना खालच्या कातडीसकट सुटतो. टाचांच्या भेगांना रात्री कोकम तेल.

पोटरी दोन दिवस ठणकली तर चालेल. पण पावलाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल, उडीत वाढत असेल, जरा सूज असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. उड्या त्याच दिवशी बंद करून अस्थितज्ज्ञांना दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही. तेव्हा एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं तसंच असेल तर पुन्हा दाखवा किंवा एमआरआयबद्दल विचारा.