अमोनिया ओळखायला काही सेन्सर तापवावे का लागत नाहीत?

तुम्ही विचारलंय की टिन ऑक्साइडचा गॅस सेन्सर दोनतीनशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, मग पॉलिअनिलिनसारखे (वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकसारखे) पदार्थ साध्या खोलीच्या तापमानाला अमोनिया कसा काय ओळखतात? मी पॉलिअनिलिनच्या फिल्मवर काम केलं आहे, त्यामुळे मुख्यतः त्याच्याच आधारे सांगतो.

आधी टिन ऑक्साइडचं बघू. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन ओढून धरतो, म्हणून विजेला होणारा रोध वाढलेला असतो. अमोनिया आला की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. ही अभिक्रिया म्हणजे एक प्रकारचं ज्वलनच, थंड असताना ती फार मंद चालते. म्हणून खाली हीटर लागतो, आणि तो बॅटरी खातो.

पॉलिअनिलिनमध्ये ज्वलनाचा संबंधच नाही. तिथे फक्त आम्ल आणि अल्कली यांची देवघेव आहे. अमोनियाच्या नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते, तिला प्रोटॉन हवा असतो. आम्लात तयार केलेल्या हिरव्या पॉलिअनिलिनच्या साखळीवर असे प्रोटॉन बसलेले असतात आणि त्यांच्यामुळेच ती वीज वाहून नेते. अमोनिया प्रोटॉन घेऊन अमोनियम होतो, साखळीवरचे विद्युतभार वाहक कमी होतात, रोध वाढतो. सगळे प्रोटॉन काढून घेतले तर फिल्म निळी पडते आणि जवळपास विद्युतरोधक होते. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तेही असंच अल्कलीने प्रोटॉन काढून घेतल्यामुळे. त्यासाठी कुणी कपडा तापवत नाही. प्रोटॉन इकडून तिकडे जायला खोलीची ऊब पुरते.

पण माझ्या मते खरा कस ओळखण्यात नाही, सोडण्यात आहे. अमोनिया पकडणारे पदार्थ पुष्कळ आहेत. सेन्सर व्हायचं तर शुद्ध हवा आल्यावर तो सोडताही आला पाहिजे, तेही न तापवता. पॉलिअनिलिनची अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. आजूबाजूचा अमोनिया कमी झाला की अमोनियम आपला प्रोटॉन साखळीला परत देतो आणि अमोनिया उडून जातो. याउलट कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीचं, उदाहरण घ्या. 2000 साली स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की एकाच अर्धवाहक नॅनोट्यूबचा रोध अमोनियाने खोलीच्या तापमानाला बदलतो. शोध मोठाच होता, पण वायू निघून जायला फार वेळ लागायचा, तो लवकर घालवायला ट्यूब तापवावी लागे. म्हणून कुठलाही शोधनिबंध वाचताना मी आधी आलेखाची उतरती बाजू, म्हणजे वायू काढल्यावर वाचन मूळ पातळीवर परत येतं तो भाग, बघतो.

जाड फिल्ममध्ये वायूला आत शिरायला आणि बाहेर पडायला वेळ लागतो. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रिचर्ड कॅनर यांच्या गटाने पॉलिअनिलिनचे नॅनोतंतू सोप्या रीतीने बनवले आणि ते नेहमीच्या फिल्मपेक्षा लवकर प्रतिसाद देतात हे दाखवलं. तंतूंच्या मधल्या फटींतून वायू सहज फिरतो.

अशी साधी फिल्म बनवणं अवघड नाही. हायड्रोक्लोरिक आम्लात ॲनिलिन घ्यायचं, भांडं बर्फात ठेवून अमोनियम परसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, त्यात इलेक्ट्रोड असलेली काच बुडवून ठेवायची. काचेवर हिरवा थर चढतो. मात्र हे प्रयोगशाळेतच करा, ॲनिलिन विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जातं. शिवाय हायड्रोक्लोरिक आम्ल कालांतराने फिल्ममधून उडून जातं आणि रोध हळूहळू आपोआप वाढतो. कॅम्फर सल्फॉनिक आम्लासारखं मोठ्या रेणूचं आम्ल वापरलं तर ते बराच काळ टिकतं.

आता दमटपणा. तुम्ही कोंबड्यांच्या शेडसाठी सेन्सर करायचा म्हणता, तिथे हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. पाण्याचे रेणू साधारणपणे पॉलिअनिलिनमधली प्रोटॉनची ये-जा सोपी करतात आणि रोध घटवतात, म्हणजे अमोनियाच्या नेमकं उलट. शेडमध्ये लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) ओला असतो, हवा दमट असते, आणि विष्ठेतल्या युरिक आम्लाचं जिवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया बनतो तोही ओलाव्यातच. कोरड्या नायट्रोजनमध्ये घेतलेलं वाचन तिथे कामाचं नाही. शेजारी आर्द्रता मोजणारा सेन्सर लावा आणि प्रत्येक आर्द्रतेला वेगळं कॅलिब्रेशन करा, म्हणजे अमोनियाच्या माहीत असलेल्या प्रमाणाशी वाचन जुळवून घ्या. तसंच, पॉलिअनिलिन अमोनियासारख्याच इतर अमाइनांनाही प्रतिसाद देतं, त्यामुळे मासळी सडून अमाइन सुटत असतील तिथेही सेन्सरचं वाचन हलणार.

पल्ला ठरवताना हे आकडे धरा: कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निओश संस्थेने माणसांसाठी दिवसाला दहा तासांपर्यंतच्या कामाला सरासरी 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) ही मर्यादा सुचवली आहे, आणि 300 पीपीएमला जीविताला तात्काळ धोका मानला आहे. तुमच्या फिल्मला 10 ते 50 पीपीएममध्ये ठळक फरक दाखवता आला तर शेडमधला पंखा कधी चालू करायचा हे ठरवायला ती चालेल. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात मात्र माणसाचा जीव अशा फिल्मच्या भरवशावर ठेवू नका, तिथे प्रमाणित विद्युतरासायनिक सेन्सरच बसवा आणि ठरलेल्या मुदतीला तो तपासून घ्या.