ग्रामपंचायतीचा हिशेब मोबाइलवर दिसू लागल्याने लोकशाही बळकट होते का?

आपला प्रश्न मी ज्या गावातून वाचला, ते यवतमाळ जिल्ह्यातील एक लहान गाव आहे आणि मी येथे शेती करतो. माझे उत्तर असे की, लोकशाही बळकट होते, परंतु तो हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचला गेला तरच.

केंद्र सरकारने 24 एप्रिल 2020 रोजी सुरू केलेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, मिळालेला निधी आणि झालेला खर्च कोणालाही पाहता येतो. एका वर्षी 1 मेच्या ग्रामसभेपूर्वी मी आमच्या गावाची माहिती उघडली, तेव्हा एका नालीच्या दुरुस्तीचा खर्च झालेला दिसत होता आणि नाली मात्र पूर्वीसारखीच बुजलेली होती. बचत गटातील महिलांनी ती नोंद वहीत उतरवून घेतली, सभेत वाचून दाखवली आणि त्यावरचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेण्याचा आग्रह धरला. नाली पावसाळ्यापूर्वी मोकळी झाली. तीच नोंद त्याआधी कित्येक महिने पोर्टलवर होती, पण तिच्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने तर हातात मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी अभ्यासगटात बसून कायदे समजून घेतले, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले.

धोरणाकडून माझी मोठी अपेक्षा आहे ती मोबाइलच्या पडद्यामागे कायद्याचे बळ असण्याची. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांना मुदत, अपील आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड अशी तरतूद केली. त्यामुळे ऑनलाइन अर्जाची तारखेसह मिळणारी पोच हा सामान्य माणसाचा पुरावा ठरतो. मात्र आयुष्यभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या मजूर बाईचा अंगठा यंत्रावर उठत नाही, म्हणून तिला परत पाठवले जाते, ही गोष्ट मला फार लागते. अशा वेळी कागदावर अर्ज घेणे आणि त्याची पोच देणे बंधनकारक असावे.

आपणही पुढच्या ग्रामसभेपूर्वी आपल्या गावाचा खर्च उघडून पाहा. सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. कागद आधी तिथे वाचा, कारण कोणती नाली बुजलेली आहे आणि कोणता हातपंप बंद आहे, हे त्यांना अचूक ठाऊक असते.