वाचकांचे प्रश्न : चित्र, कहाणी, ठेका आणि दवाखाना

मी नाशिकच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. संवाद आणि आचारासाठी जे ‘एटकॉम’चे तास आहेत, त्यांत चित्रं दाखवून निरीक्षण शिकवायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांत मुलं गप्प झाली. कुठे चुकलं असेल?
— एक प्राध्यापिका

दोन शक्यता आहेत. एक तर चित्रं फार झाली असतील, नाहीतर मधूनच तुमच्या तोंडून ‘शाबास’ गेलं असेल. एकाला शाबासकी मिळाली की बाकीचे चित्राकडे बघायचं सोडून बाईंना काय हवंय याचा अंदाज बांधू लागतात, आणि अंदाज चुकेल या भीतीने गप्प बसतात.

तासाला एकच चित्र घ्या, फार तर दोन. गट आठ-दहा जणांचा हवा. चित्र मागच्या मुलालाही चेहऱ्यावरचे भाव दिसतील एवढं मोठं असावं. फोनवर फिरवलेलं चालत नाही, कारण मग प्रत्येक जण वेगळाच भाग मोठा करून बघतो. शीर्षक आणि चित्रकाराचं नाव झाका. पहिली दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग तीनच प्रश्न, याच क्रमाने: ‘या चित्रात काय चाललंय?’, ‘कशावरून म्हणतोस?’, ‘आणखी काय दिसतं?’ ही पद्धत अबिगेल हाउझन आणि फिलिप येनवाइन यांनी कलासंग्रहालयांसाठी घडवली होती, पुढे वैद्यकीय शिक्षणाने ती उचलली. मूल बोलत असेल तेव्हा चित्रातल्या त्या भागावर बोट ठेवा, त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत एकदा सांगा आणि पुढे जा. चूक-बरोबर काही नाही. शेवटी ‘खरा अर्थ’ही सांगू नका. तो सांगितलात, तर पुढच्या वेळी सगळे त्याचीच वाट बघत बसतील.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘बाई दुःखी आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘मान खाली आहे, खांदे पुढे आलेत, डाव्या हाताची मूठ आवळलेली आहे’ हे निरीक्षण. वॉर्डात हीच गल्लत होते. केसपेपरवर ‘पेशंट सुस्त’ एवढंच येतं. हाक मारल्यावर डोळे उघडतात की चिमटा काढल्यावर, उत्तर धड येतं की तुटक, हे राहून जातं. रात्रपाळीच्या डॉक्टरला तेच हवं असतं.

पहिल्या तासाला रिकाम्या घाटाचं चित्र नको, कितीही देखणं असलं तरी. माणसं असलेलं आणि गोष्ट चटकन न उलगडणारं चित्र घ्या. आम्ही तर म्हणू, एक सकाळ पांडवलेण्यांवर घालवा. लेणे क्रमांक ३ च्या ओसरीखाली तुळया खांद्यावर पेलणारे सहा यक्ष कोरलेले आहेत. विचारा, सगळ्यात जास्त भार कोणावर आहे, आणि तो शरीरात कुठे दिसतो? मानेत, खांद्यात, की चेहऱ्यावर? दगड झिजलेला आहे, त्यामुळे काही ठिकाणी ‘इथे दिसत नाही’ असंच म्हणावं लागतं. तपासताना तसं प्रामाणिकपणे म्हणता येणं फार मोलाचं आहे.

आठवड्याच्या आत हेच तीन प्रश्न त्वचारोगाच्या फोटोवर किंवा संमती दिलेल्या रुग्णापाशी विचारा. नाहीतर ती सहल होते. येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन आणि लिंडा फ्रीडलेंडर यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना कलादालनात नेलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, चित्रं पाहून आलेल्या मुलांनी रुग्णांच्या फोटोंचं वर्णन इतरांपेक्षा सरस केलं होतं.

मी सुरगाणा भागात इंटर्न आहे. ‘रुग्णाची कहाणी ऐका’ असं सगळे सांगतात. ओपीडीची रांग दारापर्यंत असते. वेळ कुठून आणायचा?
— एक इंटर्न

रास्त प्रश्न आहे. सगळ्यांसाठी वेळ काढूच नका. नवा रुग्ण आणि तीच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेला रुग्ण, या दोघांसाठीच काढा. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत मधेच तोडलं होतं. तोडून वेळ वाचत नाही. खरी तक्रार मग दाराशी, चप्पल घालताना बाहेर येते: ‘आणि डॉक्टर, एक राहिलंच…’

‘मावशी, सुरुवातीपासून सांगा’ म्हणा, पेन खाली ठेवा आणि दीड-दोन मिनिटं हुंकारापलीकडे काही बोलू नका. शेवटी ‘अजून काही नाही ना?’ विचारू नका, त्याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘आणखी काय काय होतंय?’ असं विचारा.

आता शब्दांकडे या. मराठीत दुखण्याला केवढी श्रीमंती आहे! ठणका म्हणजे नाडीबरोबर उडणारं दुखणं, तिथे पू शोधावा. कळ येते आणि जाते. चमक एका रेषेत धावते. आग, टोचणी, मुंग्या हे नसांकडे बोट दाखवतात. मुरडा म्हटलं की शौचाबद्दल विचारलंच पाहिजे. हे शब्द केसपेपरवर ‘वेदना’ या एका शब्दात दाबले की निम्मं निदान तिथेच सांडतं. रुग्णाचा शब्द अवतरणात तसाच लिहा, वैद्यकीय अर्थ त्याच्या पुढे.

काही शब्द फसवे आहेत. ‘जीव घाबरतोय’ याचा अर्थ भीती असं समजून ईसीजी टाळू नका. छातीतल्या त्रासालाही लोक हेच म्हणतात. ‘पित्त’ म्हणजे जळजळ, मळमळ, अर्धशिशी किंवा अंगावर उठलेल्या गांधी, यांपैकी काहीही. ‘हातपाय गळाले’ हे बहुधा धसक्याने, पण ‘हात गळाला’ म्हणजे लकवा असू शकतो. ‘अंगावरून जातं’ म्हटल्यावर पांढरं की लाल, ते हळू आवाजात आणि पडद्याआड विचारा. तिकडे कोकणा आदिवासींची कोकणी आणि बागलाणात अहिराणी बोलणारे रुग्ण येतील, तेव्हा आशाताईंकडून वीस-पंचवीस शब्द वहीत उतरवून घ्या.

आठवड्यातून एकदा एका रुग्णाविषयी साध्या मराठीत पानभर लिहा: केसपेपरवर जे लिहिता येत नाही ते. कोलंबिया विद्यापीठाच्या डॉ. रीटा शॅरन यांनी १९९३ पासून विद्यार्थ्यांकडून असं ‘समांतर केसपेपर’ लिहून घेतलं. चार-पाच जणांत ते मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, लिहिण्यात काय जाणवलं तेवढंच सांगायचं. नाव, गाव, खाट क्रमांक वगळा. एवढंही पुरत नाही: लहान तालुक्यात ‘जुळी झालेली एकोणीस वर्षांची’ म्हटलं तरी माणूस ओळखू येतो. तो तपशील बदला. आणि हे पान व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही नाही.

आमची हौशी नाट्यसंस्था आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी ‘रुग्ण’ म्हणून नट हवेत असं विचारणं आलंय. काय तयारी करावी?
— एक रंगकर्मी, नाशिक

ही कल्पना मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांची, १९६३ सालची. पहिली भूमिका चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईंनी केली होती.

कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय इथे आड येते. समोर एकच माणूस, दोन हातांवर. संहिता नको, माहितीचे तीन कप्पे हवेत: आपणहून सांगायचं, विचारलं तरच सांगायचं, आणि विश्वास वाटला तरच सांगायचं. दारू आणि नवऱ्याची मारहाण हे तिसऱ्या कप्प्यात. दहाव्या विद्यार्थ्यापुढेही रडणं पहिल्याइतकंच हवं, नाहीतर परीक्षा अन्यायाची होते. म्हणून चार-पाच फेऱ्यांनंतर विश्रांती मागून घ्या. अभिप्राय देताना ‘तुम्ही उद्धट होता’ असं नको. ‘तुम्ही घड्याळाकडे बघितलंत, तेव्हा पुढचं मी गिळलं’ असं सांगा.

शरीराची कोणती तपासणी चालेल ते आधी लेखी ठरवा. घरात नुकताच मृत्यू झालेल्याला मृत्यूची भूमिका देऊ नका. काम संपल्यावर स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारून भूमिका उतरवा. मानधन मागायला संकोच नको, हे कामच आहे.

बाबांना पार्किन्सन्स आहे. चालताना पाय जमिनीला चिकटतात, पण भजनात टाळ घेतला की हात छान चालतो. याचा उपयोग करता येईल का?
— मुलगी, पंचवटी

नक्की करता येईल, आणि तुम्ही अचूक हेरलंत. या आजारात हालचालीचा आतला ठेका बिघडतो. बाहेरचा आवाज ती उणीव काही अंशी भरून काढतो. ब्रुकलिनमध्ये २००१ पासून याच आजाराच्या लोकांसाठी नृत्याचे वर्ग चालतात. याने आजार थांबत नाही, म्हणून एकही गोळी कमी करायची नाही. सुरुवात फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा.

गोळीचा अंमल चांगला असतो ती वेळ निवडा. बाबा सहज चालत असताना मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा. समजा ९० पडली, तर दुसऱ्या कुणी टाळावर मिनिटाला ९० चाच ठेका धरायचा आणि बाबांनी त्यावर पावलं टाकायची. दोन आठवड्यांनी ९५ करून बघा. फार वाढवला तर पावलं आखूड होऊन ते पुढे धावल्यासारखे झुकतील. भजनी ठेका किंवा केरवा चांगला. त्यात जोर दर चार मात्रांनी, म्हणजे एकाच पायावर येतो. दादऱ्यात तो दर तीन मात्रांनी, म्हणून एकदा उजव्या, एकदा डाव्या पायावर पडतो आणि गोंधळ होतो.

सतरंजी, पायपुसणं उचलून ठेवा. चपलेला मागे पट्टा हवा. जागच्या जागी वळायचं नाही, मोठा वळसा घ्यायचा. चालताना त्यांच्याशी गप्पा नकोत. जी बाजू जास्त कमजोर, तिकडून अर्धं पाऊल मागे तुम्ही राहा. ठेका अचानक तुटला की पायही अडकू शकतात, म्हणून टाळ वाजवणाऱ्याला थांबायचं असेल तर आधी बाबांना खुर्चीत बसवा.