रंगाच्या आधीचा बिनरंगी माल

प्रश्न : डाय इंटरमीडिएट म्हणजे रंगच ना? मग एच अ‍ॅसिडची पावडर मळकट राखाडी का दिसते?

उत्तर : नाही हो, रंग नाही, रंगाच्या अलीकडचा टप्पा. बेन्झीनपासून नायट्रोबेन्झीन, त्यातून अ‍ॅनिलीन, तिकडे नॅफ्थलीनपासून बीटा नॅफ्थॉल, एच अ‍ॅसिड, असा हा गोतावळा, आणि यातल्या बहुतेकांना स्वतःचा म्हणावा असा रंगच नसतो.

रंग येतो जोडणीत. अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचं, बर्फात ० ते ५ अंशांवर ठेवून सोडियम नायट्राइट हळूहळू सोडायचं, की डायझोनियम मीठ, म्हणजे नायट्रोजनची जोडी लागलेलं, जोडणीला उतावीळ संयुग, तयार. तापमान चढलं की नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि माल वाया, म्हणून इथे घाई करणारा हमखास फसतो. हेच थंड द्रावण बीटा नॅफ्थॉलच्या अल्कलीतल्या द्रावणात ओतलं की क्षणात नारिंगी-लाल! दोन नायट्रोजनांचा पूल बांधला जातो आणि सगळी करामत त्या पुलाची, कारण त्याने इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना पसरतात आणि रेणू डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषायला लागतो.

एच अ‍ॅसिड तर भारीच, त्याच्या रेणूवर अमिनो आणि हायड्रॉक्सी असे दोन गट, आम्लात ते अमिनो गटाच्या बाजूने जोडतं, अल्कलीत हायड्रॉक्सीच्या, म्हणजे एकाच रेणूवर दोनदा जोडणी करून काळ्या छटेपर्यंत जाता येतं.

बाकी याच गोतावळ्यातली बेन्झिडीन आणि बीटा नॅफ्थिलअमीन ही नावं दिसली तर लांबच राहा, दोन्हींमुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय.